ध्यान फोनवर, धम्म माणसांत

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर दहा दिवसांच्या शिबिराला पोचलं की नोंदणीच्या टेबलाशी आधी फोन जमा करावा लागतो. फोन बंद करायचा, नावाची चिठ्ठी लावायची, द्यायचा. सोबत वह्या-पुस्तकं, पेन, कुणाची जपमाळ असेल तर तीही. रांगेतली माणसं शेवटचा फोन करून घेत असतात. कुणी आईला सांगत असतो, ‘दहा दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नकोस.’ कुणी काका दुकानाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते पुन्हा पुन्हा बजावत असतात. फोन देऊन झाल्यावरही बराच वेळ हात खिशाकडे जात राहतो.

त्याच केंद्रात पहाटे चारला घंटा होते, दिवस सुरू होतो, आणि धम्मसभागृहात जो आवाज साधकांना आपल्या श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो तो ध्वनिमुद्रित असतो. संध्याकाळी सात वाजता प्रवचन होतं, तेही पडद्यावर. हा आवाज ही विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंकांचा. ते २९ सप्टेंबर २०१३ रोजी गेले. तेव्हापासून या परंपरेत जो कुणी विपश्यना शिकला, तो हयात नसलेल्या माणसाच्या आवाजातून शिकला. फोन काढून घेणारी संस्था स्वतःची सगळी शिकवण मात्र यंत्रावर चालवते, हे पाहून काही जण चक्रावतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. यंत्राला कुठे आत घ्यायचं आणि कुठे दाराशी थांबवायचं, याचा एवढा विचार करून घेतलेला निर्णय मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

हा निर्णय कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. गोयंकांचा जन्म १९२४ चा, मंडालेचा. घराणं मारवाडी, धंदा ब्रह्मदेशात. अर्धशिशीने बेजार झाल्यावर १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन भिक्षू नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते पहिले अकाउंटंट जनरल. हिशेब तपासणारा सरकारी अधिकारी कचेरी सांभाळून ध्यान शिकवत होता. त्यांच्याजवळ चौदा वर्षं काढून गोयंका १९६९ मध्ये भारतात आले. पहिलं शिबिर मुंबईतल्या एका धर्मशाळेत झालं. पुढे जागा मिळेल तिथे शिबिरं भरत गेली आणि १९७६ पासून इगतपुरीत कायमचं केंद्र सुरू झालं. मागणी इतकी वाढली की एका माणसाने सगळीकडे पोचणं शक्य नव्हतं. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सहायक आचार्य नेमले गेले. त्यांनी स्वतःचं प्रवचन करायचं नाही, ध्वनिफीत लावायची आणि साधकांची काळजी घ्यायची, अशी वाटणी ठरली.

मला या वाटणीचं मोल फार वाटतं. ध्वनिफितीमुळे शिकवण माणसागणिक बदलली नाही. समोर बसलेला आचार्य स्वतःच्या वक्तृत्वाने कुणाला भारावून टाकू शकत नाही, त्यामुळे त्याच्याभोवती भक्तांचा घोळका जमत नाही. शिबिराला फी नाही. राहण्याजेवणाचा खर्चही आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानातून चालतो, नवख्याकडून दानही घेत नाहीत. पण ध्वनिफितीला साधकाचा चेहरा दिसत नाही. चौथ्या दिवशी कुणाला रडू कोसळतं, कुणाच्या जुन्या जखमा उघड्या पडतात, कुणाला बॅग उचलून निघून जावंसं वाटतं. अशा वेळी जेवणानंतरच्या तासात आचार्यांना भेटता येतं. समोर माणूस असतो. ऐकून घेतो. मानसिक आजार असेल तर तो अर्जातच कळवायला सांगितलेलं असतं, कारण हा मार्ग प्रत्येकाला प्रत्येक काळात झेपेलच असं नाही. आवाज यंत्राने दिला, जबाबदारी माणसाकडे राहिली.

बुद्धाची शिकवण तंत्रज्ञानावर स्वार होण्याची ही पहिली वेळही नव्हे. कितीतरी पिढ्या भिक्षूंनी ती पाठांतराने जपली. इसवीसनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेतल्या आलुविहारात ती ताडपत्रांवर उतरली. एकोणिसाव्या शतकात मिंदोन राजाने मंडालेला ७२९ संगमरवरी शिळांवर सबंध त्रिपिटक कोरून घेतलं. कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात त्या शिळा आजही उभ्या आहेत. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी संगीती, म्हणजे भिक्षूंची धर्मसभा, भरली, तिथे तपासून घेतलेला पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापला आणि पुढे सीडीवरही आणला. आज तो कुणालाही संगणकावर वाचता येतो.

आणि आपल्याकडे काय घडलं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातल्या सांखवाळच्या एका तरुणाच्या वाचनात ‘बालबोध’ या मुलांच्या मराठी मासिकातलं बुद्धचरित्र आलं. छपाईचं यंत्र आणि टपाल नसतं तर ते त्या गावात पोचलं नसतं. तो तरुण म्हणजे धर्मानंद कोसंबी. त्या वाचनाने त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. १८९९ मध्ये घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असं हिंडत, अर्धपोटी राहत ते १९०२ मध्ये श्रीलंकेला पोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले. ज्या ‘विशुद्धिमार्गा’चं संपादन त्यांनी पुढे केलं, तो ग्रंथ आता बोटाच्या एका स्पर्शावर उघडतो. ही सोय मी कमी लेखत नाही. पाली शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागू नये, हे चांगलंच झालं.

मग आजच्या ध्यानाच्या ॲपबद्दल माझी तक्रार काय? सुरुवातीलाच सांगतो की ॲप बनवणारे सगळे धंदेवाईक नाहीत. हेडस्पेस हे ॲप ज्या कंपनीचं, ती २०१० मध्ये ज्यांनी सुरू केली त्यांपैकी अँडी पुडिकॉम्ब हे स्वतः काही वर्षं बौद्ध भिक्षू होते. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला, परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलाला कानात इअरफोन घालून दहा मिनिटं श्वास पाहता आला, तर ते भलंच आहे. कुणी त्यांना ‘हे खरं ध्यान नव्हे’ असं म्हणून हिणवू नये.

तक्रार त्या ॲपच्या घडणीबद्दल आहे. ध्वनिफीत संपते. ॲप संपत नाही. सलग किती दिवस बसलात याचा आकडा ते ठेवतं, एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि जीव हळहळतो. महिन्याचे पैसे भरायची आठवण येते. झोपेसाठी वेगळं ध्यान, कचेरीसाठी वेगळं, राग आला तर वेगळं. निवडता निवडताच पाच मिनिटं जातात. आणि हे सगळं ज्या फोनवर चाललेलं असतं, त्याच फोनवर बातम्या, शेअरबाजार, नातेवाइकांचे निरोप आणि भांडणं दाटीवाटीने वाट पाहत असतात. विपश्यनेत शिकवतात काय? हवंसं वाटणं मनात उठताना पाहायचं, त्याच्यामागे धावायचं नाही. तेच हवंसं वाटणं चेतवून माणसाला रोज ध्यानाला बसवायचं, ही पद्धत मला पायाशीच चुकलेली वाटते.

संयुत्तनिकायात बुद्धाने दिलेला एक दृष्टान्त इथे चपखल बसतो. साप, मगर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड अशा सहा प्राण्यांना वेगवेगळ्या दोरांनी बांधून त्या सगळ्या दोरांची एकच गाठ मारली. साप वारुळाकडे ओढतो, मगर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे, माकड रानाकडे. ज्याचा जोर त्या वेळी जास्त, त्याच्यामागे बाकीचे फरपटत जातात. ही आपली सहा इंद्रियं, मन धरून. पण तेच दोर एका भक्कम खांबाला बांधले, तर ओढून ओढून दमल्यावर ते प्राणी त्या खांबाशीच बसतात. खांब म्हणजे शरीराविषयीची जागरूकता. फोनमध्ये या सहाही प्राण्यांच्या खाण्याची सोय एकाच जागी झाली आहे. तिथेच खांबही रोवता येईल, यावर माझा विश्वास बसत नाही. इगतपुरीला फोन आधी का मागून घेतात, ते हा दृष्टान्त वाचला की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट अजून बोलायची आहे. शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी श्वासाचा विषय निघण्याआधी शील घ्यावं लागतं. हत्या नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, नशा नाही. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत हे पंचशील बुद्धवंदनेबरोबर म्हटलं जातं. त्या घरांतल्या लहान मुलालाही ते पाठ असतं. या क्रमाला अर्थ आहे. दिवसभर लोकांना फसवून रात्री शांत बसायला शिकलेला माणूस जास्त शांतपणे फसवेल, एवढंच. ॲपमध्ये आलेल्या ध्यानातून नेमकं हे शील गळून पडलेलं मला दिसतं. मनावरचा ताण कमी करा, कामात लक्ष लावा, झोप सुधारा, असं तिथे सांगतात. ताण कशाने आला, तो आपण दुसऱ्या कुणाला दिला का, हाताखालच्या माणसाचा पगार अडवला का, हा प्रश्न तिथे येतच नाही.

बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, जो १९५७ मध्ये त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, धम्माची एक कसोटी आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही; दोन माणसं एकमेकांच्या नात्याने राहू लागली की धम्माला जागा द्यावीच लागते, असा तिथला विचार आहे. ध्यानाबद्दल बोलताना आपण हे विसरतो. फोन हे एकट्याचं यंत्र आहे. त्यावरचं ध्यान एकट्याच्या कानात, एकट्याच्या खोलीत, एकट्याच्या आकड्यासाठी होतं. धम्म मात्र दुसरा माणूस समोर आला की सुरू होतो.

जपानमध्ये क्योतोच्या कोदाइजी मंदिरात २०१९ पासून कन्नोन बोधिसत्त्वाच्या रूपातला एक यंत्रमानव हृदयसूत्रावर प्रवचन देतो. आता तर फोनमधल्या यंत्राला धम्माविषयी काहीही विचारलं तर ते घडाघडा उत्तर देतं. माहिती म्हणून ती उत्तरं उपयोगी पडतील. पण त्या यंत्राला कधी राग आलेला नाही, राग आवरावा लागलेला नाही. ज्याने आवरला आहे त्याच्याजवळ बसण्यात काही वेगळं असतं, आणि ते ग्रामीण भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रम’ या नावाने शाळांमध्ये आनापान सुरू केलं. मुलांनी डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं, स्पीकरवरचा आवाज ऐकायचा, आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास पाहायचा. त्या शाळेत दोन वर्ग शेजारी शेजारी होते, ध्वनिफीत एकच. एका वर्गात गुरुजी टेबलाशी हजेरीपट भरत होते. मुलं एक डोळा किलकिला करून एकमेकांना चिमटे काढत होती. पलीकडच्या वर्गात बाई स्वतः मुलांच्या रांगेत खाली बस्करावर बसल्या होत्या, पदर नीट घेऊन, डोळे मिटून. त्या वर्गातल्या एका चुळबुळ्या पोराने दोनदा डोळे उघडले, बाई बसलेल्याच आहेत हे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. बाई एक शब्दही बोलल्या नाहीत.

शाळांमध्ये असे उपक्रम परिपत्रकाने सुरू होतात आणि परिपत्रकाच्या फायलीतच संपतात. ज्या शाळेत बसणारे गुरुजी किंवा बाई असतात तिथे ते टिकतात. ध्वनिफीत बदलून, नवीन ॲप आणून, मोठा स्पीकर लावून त्यात फरक पडणार नाही. पालकांनी शाळेत जाऊन एवढंच विचारावं, की मुलं बसतात तेव्हा शिक्षक बसतात का.

आणि तुम्ही स्वतः फोनवर ध्यान करत असाल तर करत राहा. जमलं तर एकदा दहा दिवस काढा. फी नसल्याने पैशाची अडचण येणार नाही, रजेची येईल. ते होईपर्यंत एक करा. ॲपने दाखवलेला आकडा बाजूला ठेवा आणि ज्यांच्याबरोबर राहता त्यांना, ज्यांच्याकडून काम करून घेता त्यांना, ‘माझ्या वागण्यात काही फरक पडलाय का?’ असं विचारा. ते जे सांगतील ते मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घ्या.