वरून ओतलेले पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात अजूनही पूर्वीसारखीच धांदल उडते. बंब गेला, गीझर आला. पण उटण्याची वाटी, सुगंधी तेल आणि 'उठा, उजाडलं की नरकात जाल' ही आईची धमकी कायम आहे. आमच्या शहराला नळाच्या पाण्याची वाट पाहण्याची जुनी सवय असल्यामुळे सणाचे पाणी आधीपासून पिंपात भरून ठेवलेले असते. गेल्या दिवाळीत आई माझ्या धाकट्या मुलीला न्हाऊ घालत होती. मुलगी एकदम ओरडली, "आजी, किती वरून ओततेस गं!" सगळे हसले. मीही हसलो, पण ते 'वरून' दिवसभर माझ्या कानातून गेले नाही.

वाचकहो, सणासुदीच्या अंकात कोणी आपली जुनी चूक उगाळीत बसावे, हे काहींना रुचणार नाही. फराळाचे ताट जरा बाजूला सरकवून दहा मिनिटे द्या, एवढीच विनंती.

माझे प्राथमिक शिक्षण मराठवाड्यातल्या एका खेड्यात झाले. त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तशी गावे पुष्कळ होती. शाळेच्या पडवीत माठ होता आणि माठावर लांब दांड्याचे ओगराळे. मी चौथीत वर्गाचा मॉनिटर झालो, तेव्हा माठाची व्यवस्था माझ्याकडे आली. मधल्या सुट्टीत मुले यायची, ओगराळ्याने पेला भरून घ्यायची. तीन मुले मात्र पडवीच्या पायरीखाली उभी राहायची. ती ओंजळ करीत आणि मी वरून पाणी ओतीत असे. त्यांतला एक माझ्याच वर्गातला होता. गणितात माझ्याहून हुशार. बेरीज अडली की मी त्याच्याकडे सरकायचो. पाटीला पाटी लागलेली चालत असे, पेल्याला ओठ लागलेला चालत नसे.

हे मला कोणी शिकवले, याचा मी पुष्कळ शोध घेतला. गुरुजींनी सांगितले नव्हते. भिंतीवर लिहिलेले नव्हते. उलट आम्ही रोज सकाळी हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणत होतो आणि माझा आवाज सर्वांत मोठा असे. माझ्या आधीच्या मॉनिटरने असेच ओतले होते, म्हणून मी ओतले. ही १९९० च्या आसपासची गोष्ट. देशात राज्यघटना येऊन चाळीस वर्षे झाली होती. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा. १९७६ साली तो अधिक कडक झाला आणि त्याला नागरी हक्क संरक्षणाचे नाव मिळाले. तो माठापर्यंत आला नव्हता.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. (आता दहावी म्हणतात, वडिलांचा शब्द माझ्या तोंडी बसला आहे.) चार कादंबऱ्या लिहिल्या, एका लहानशा खासगी शाळेत शिकवतो. कायद्याचा पंडित मी नव्हे. पण नागरिकशास्त्राचा तास घेता घेता महाडच्या चवदार तळ्याची हकीकत जितक्या वेळा सांगावी लागली, तितक्या वेळा ती मला अधिक अडचणीत टाकीत गेली.

हकीकत सर्वांना ठाऊक असते, म्हणजे अर्धी ठाऊक असते. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले. काठावर कोणी फिरकू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, पंचगव्याने तळे शुद्ध करून घेण्यात आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

आपली गोष्ट बहुधा इथे संपते. पण डिसेंबरात तळ्याकाठच्या सवर्णांनी दावा लावला आणि न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. पुन्हा सत्याग्रहासाठी लोक जमले होते, मने पेटलेली होती. २५ डिसेंबरला मनुस्मृतीची होळीही झाली. तरी आंबेडकरांनी हुकूम मानला आणि लोकांना तळ्यावर नेले नाही. रूढी मोडणारा माणूस न्यायालयासमोर थांबला. मला हे पाणी पिण्याइतकेच अवघड वाटते. खटला चालत राहिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो आंबेडकरांच्या बाजूने. पाणी पिण्याचा हक्क मागणारी माणसे जवळजवळ दहा वर्षे प्रतिवादी होती, हे मुलांना सांगताना मी नेहमी जरा थांबतो. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड; १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच.

आणि निकालाचा आधार काय? तळ्यावर सर्व माणसांचा सारखा हक्क आहे, हा नव्हे! दावा लावणाऱ्यांचे म्हणणे होते की ही चाल अनादि काळापासून चालत आली आहे. न्यायालयाने म्हटले, ते सिद्ध झाले नाही. चाल असेल, पण अनादि आहे याचा पुरावा नाही. मग ती न्याय्य की अन्याय्य, या प्रश्नात शिरण्याची गरजच न्यायालयाला उरली नाही. समजा, एखादा जीर्ण कागद सापडला असता आणि चाल सहाशे वर्षांची ठरली असती तर? तर तहान तितकीच, पाणी तेच, आणि लढाई मात्र पुन्हा पहिल्यापासून. अन्यायाने म्हातारे व्हावे आणि त्या वयाबद्दल त्याला मान मिळावा, हा त्या कायद्यातला धोका होता.

घटनेने तो धोका काढला. तेराव्या कलमाने मूलभूत हक्कांना छेद देणारी रूढीसुद्धा निरर्थक ठरवली. तिचे वय विचारायचेच नाही. पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे स्पष्ट घातली. ती यादी वाचताना मला महाड दिसते. चौदाव्या कलमात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत: कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण. दुसरी अमेरिकेच्या घटनेतून आली. गुलामगिरी संपल्यावर १८६८ साली तिथे चौदावी दुरुस्ती झाली, तिच्यातले हे वचन. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेव्हा त्या वचनाचे तिकडे काय झाले होते? १८९६ च्या रेल्वेच्या डब्यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा, पण दोन्ही सारखे असले की समानता झाली. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोध नोंदवला. हे चूक होते, निदान शाळांपुरते, एवढे म्हणायला त्याच न्यायालयाला १९५४ साल उजाडावे लागले.

(जाता जाता: आमचे शहर १६१० साली खडकी म्हणून वसवले ते हबसाणातून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने. त्याच्या नहरीचे पाणी गाव पिढ्यान्‌पिढ्या प्याले.)

'वेगळे पण सारखे.' माझ्या माठाचे पाणी तेच होते, थंडही तेवढेच. कोणी म्हणेल, पाणी मिळत होते ना? हो, मिळत होते. पण माझ्या हातून मिळत होते. मी मॉनिटर नसतो, आजारी असतो, रागावलेला असतो तर? इतरांचे पाणी माठात होते. त्याचे पाणी माझ्या मर्जीत होते.

दुसरेही एक बोलणे शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकतो की कायद्याने मन बदलत नाही. पूर्वी मीही मान डोलवीत असे. याच शहरात विद्यापीठाच्या नावाचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला, त्यावरून मराठवाड्यात घरे जळली, माणसे मेली आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेव्हा त्या बोलण्यात तथ्य नाही असे कसे म्हणू? पण आता वाटते, कायद्याला माझे मन नकोच होते. त्याला ओगराळे हवे होते. कोणा मोठ्या माणसाने ते माझ्या हातातून काढून घेऊन त्या मुलाच्या हाती दिले असते, तर माझे मन त्याच्या सवडीने मागून आले असते. तसे करणारा कोणी निघाला नाही. तक्रार करायची तर ती पायरीखालच्या नऊ वर्षांच्या पोराने करायची होती.

तो मला काही वर्षांपूर्वी भेटला. नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या गेटपाशी ही गर्दी असते. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, पाण्याचे पिंप. मी पुस्तके चाळीत होतो. मागून हाक आली, "काय रे, ओळखलंस का?" डोळ्यांवरून ओळखले. चहा घेतला. घरची चौकशी झाली. मग मी धीर करून माठाचा विषय काढला आणि जे इतकी वर्षे मनात जुळवून ठेवले होते, ते अर्धवट बोललो.

तो थोडा वेळ चहाच्या पेल्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तू नीट ओतायचास रे. बाकीचे मुद्दाम सांडायचे, सदरा भिजायचा. तुझी पाळी असली की आम्ही पोटभर पिऊन घ्यायचो."

मला वाटते, त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते. मी चांगला होतो! पायरीवर उभे राहून मी चांगला होतो.

तेवढ्यात त्याचा कॉलेजातला मुलगा पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आला आणि माझ्याकडे बघून त्याने विचारले, "पप्पा, हे कोण?"

"माझ्या वर्गात होता," तो म्हणाला. मित्र असे म्हणाला नाही. मग त्याने दोन्ही पेले उचलून टपरीवाल्याकडे नेऊन ठेवले, आणि मी पैसे काढण्याआधीच चहाचे पैसे देऊन टाकले.