काचेपेक्षा कड अवघड

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कण कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात रुतला, की लवकरच त्याभोवती गंजाचे कडे धरते. शेजारच्या कामगाराने तो रुमालाच्या टोकाने काढायला जावे आणि संसर्ग व्हावा, हेही नवे नाही. ऊसतोडीत पात लागून असेच होते. तिथे पुष्कळदा बुरशी वाढते. जखम भरते, पण बुबुळावर फूल पडते आणि नजर जाते. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यात रक्तवाहिनी एकही नाही. इतका साधा दिसणारा पडदा बनवायला दोनशे वर्षे का पुरली नाहीत? माझे म्हणणे असे, की बराच काळ सगळे लक्ष पारदर्शकतेवर राहिले. खरी अडचण होती कडेची, म्हणजे परकी वस्तू आणि जिवंत ऊतक जिथे भेटतात तिथली.

1789 मध्ये पेलिए द केंग्सी या फ्रेंच शल्यचिकित्सकाने चांदीच्या कड्यात बसवलेली काच सुचवली. पुढच्या शतकात प्रयोग झाले, पण डोळ्याने त्या काचा बाहेर ढकलल्या. 1905 मध्ये एडुआर्ड झिर्म यांनी माणसाचा कॉर्निया यशस्वीपणे बसवला आणि कृत्रिमाचा विचार मागे पडला. त्याला पुन्हा जीव आला तो ॲक्रिलिकमुळे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा चिडत नाही, हे हॅरोल्ड रिडली यांनी हेरले आणि 1949 मध्ये मोतीबिंदूनंतर बसवायचे भिंग केले. पण ते भिंग डोळ्याच्या आत बंदिस्त असते. कॉर्नियाची गाठ हवा, अश्रू आणि जंतू या तिघांशी. तिथे ॲक्रिलिक बसवले की कडेचे ऊतक विरघळू लागते. म्हणूनच इटलीच्या स्ट्राम्पेली यांनी 1963 मध्ये रुग्णाचाच दात हाडासकट काढून त्यात भिंग बसवले. ऐकायला अघोरी, पण चौकट शरीराचीच असावी हा विचार अचूक होता. 1992 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बोस्टन कृत्रिम कॉर्नियालाही धरून ठेवायला दात्याचाच कॉर्निया लागतो, आणि प्रतिजैविकाचे थेंब कायमचे मागे लागतात.

नंतर साहित्याकडून अपेक्षा बदलली. ऑस्ट्रेलियातल्या ट्रायान किरिला यांनी मऊ कॉन्टॅक्ट लेन्सच्या जातीचे पॉलिमर घेऊन कड सच्छिद्र केली, म्हणजे पेशी आत शिरतील. कड विरघळण्याचे प्रकार तरीही घडले. 2010 मध्ये स्वीडनमधल्या 10 रुग्णांचा अहवाल आला: यीस्टकडून बनवून घेतलेल्या मानवी कोलॅजनच्या पडद्यात पेशीच नव्हे, तर मज्जातंतूही परतले होते. 2022 मध्ये डुकराच्या कातडीतल्या कोलॅजनचा पडदा इराण आणि भारतातल्या 20 जणांना बसवला गेला. त्यांतले 14 आधी अंध होते, दोन वर्षांनी एकही नव्हता.

यावर आक्षेप रास्त आहे. हे 20 जण पातळ होऊन शंकूसारखा झालेल्या कॉर्नियाचे रुग्ण होते. संसर्गाने फूल पडलेल्या डोळ्याबद्दल हा पुरावा फार काही सांगत नाही. कॉर्नियातले पाणी उपसणारा आतला पेशींचा थर मेलेला असेल तर नुसते कोलॅजन ते काम करू शकत नाही. दुसरे म्हणतील, नेत्रदान वाढवा, प्रयोगशाळा कशाला? पण दान केलेला कॉर्निया द्रावणात साधारण दोन आठवडेच टिकतो, आणि रक्तवाहिन्या शिरलेल्या किंवा रसायनाने भाजलेल्या डोळ्यात तो अनेकदा नाकारला जातो. तो कोलॅजनचा पडदा मात्र दोन वर्षे ठेवता येतो. तालुक्याच्या दवाखान्याला हा फरक क्षुल्लक नाही.

या कामाला लागणारे हात पुण्याभोवती आहेत. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून 2006 मध्ये शायनी वर्गीस, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी तुटल्यावर पुन्हा जुळणाऱ्या जेलवर शोधनिबंध लिहिला. ताथवड्यात जैवतंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. भोसरीत मायक्रॉनमध्ये मोजून साचे बनतात. हे तिघे एका टेबलाशी बसावेत. तोवर घरात मृत्यू झाला तर पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा आणि नेत्रपेढीला लगेच कळवा. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात.