एकच माप

दरवर्षी किस्लेव महिन्यात योसेफाची गोष्ट वाचली जाते तेव्हा मला आमच्या शाळेतील शिक्षकांची खोली आठवते. याकोबाने एकट्या योसेफाला सुंदर अंगरखा दिला आणि भावांची मने फिरली. भाऊ वाईट वागले हे खरेच, पण तालमुदातील रब्बींनी बापाच्या पक्षपातावरही बोट ठेवले आहे.

इस्राएलला येण्यापूर्वी मी मुंबईत शिक्षिका होते. एकाच शाळेत दोन हेडमास्तर पाहिले. पहिले फार कडक. उशीर झाला की हजेरीपटावर लाल शाईची खूण. पण ती सर्वांना सारखी. रजेवरच्या शिक्षकाचा तास कोणी घ्यायचा, याची वही टेबलावर उघडी असे. कोणाची पाळी किती वेळा आली ते कोणीही पाहावे. एका बाईंचे मूल आजारी होते. त्यांना महिनाभर पहिला तास दिला नाही, आणि का दिला नाही ते सर्वांना सांगितले. कोणीही कुरकुर केली नाही.

दुसरे स्वभावाने गोड. पण सोयीचे तास मर्जीतल्यांना, अवघड वर्ग इतरांना. कारण विचारले तर हसून विषय बदलत. भांडण असे झालेच नाही. फक्त शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना गणित शिकवणारे गुरुजी घंटा होताच छत्री उचलून निघू लागले. मीही वह्यांत चूक समजावून लिहिणे सोडले, नुसती फुली मारू लागले. त्याची आजही लाज वाटते.

अमेरिकेतील जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवडे पगार १५ टक्के कापला गेला. दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या. पण जेथे कारण नीट व आपुलकीने समजावले, तेथे फार कमी वाढल्या. कपात तीच, वागणूक वेगळी.

शिक्षक खडू चोरत नाही. तो आपले मन काढून घेतो. ते वेळापत्रकात लिहिलेले नसते, म्हणून कोणताही नियम ते परत मागू शकत नाही.

कोणी म्हणेल, यात मुलांचा काय दोष? काहीच नाही, आणि माझ्या फुलीचा जाब मलाच द्यावा लागेल. पण ज्याच्या हाती तराजू आहे त्याचा जाब मोठा. सर्वांना सारखेच द्यावे असे नाही. आजारी मुलाच्या आईला सवलत मिळालीच पाहिजे. मात्र माप एक असावे आणि कारण उघड असावे.

आपल्यापैकी कोणी शाळेत, कोणी सिनेगॉगच्या कमिटीत, कोणी घरातच चार माणसांवर मोठे आहे. एकाला अंगरखा देताना उरलेल्यांना त्याचे कारण सांगता येईल का, एवढे आधी स्वतःला विचारावे.