पंख कोणी सावरायचे?

ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उसळू लागते आणि फोमचं हलकं विमान त्यात हेलकावे खायला लागतं. म्हणून रिमोटवर विमान उडवणारी मंडळी वारा पडलेला असताना, सकाळीच मैदान गाठतात. त्यांच्यातल्या नवशिक्याच्या हाती बहुधा तीन चॅनेलचं विमान असतं. एक चॅनेल मोटरचं, एक नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरचं, एक नाक बाजूला वळवणाऱ्या रडरचं. जर्मनीच्या मल्टिप्लेक्स कंपनीचं ईझीस्टार हे त्यातलं नावाजलेलं मॉडेल. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 1.37 मीटर, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. मोटर पाठीवर आणि प्रोपेलर मागे, त्यामुळे नाकावर आपटलं तरी प्रोपेलर सहसा शाबूत राहतो. कित्येकजण याच विमानावर शिकले. आणि हात बसल्यावर त्यातल्या अनेकांनी कटर उचलला आणि त्याच्याच पंखांना एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, कापले.

काम म्हणाल तर एका संध्याकाळचं. पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडच्या अर्ध्या भागात, रुंदीच्या साधारण पाव भागाएवढी पट्टी आखायची आणि मोजपट्टी लावून कापून काढायची. तिची पुढची कड खालच्या अंगानं तिरकी तासायची, नाहीतर ती खाली वळताना पंखाला अडते. मग वरून चिकटपट्टी ओढली की झाली बिजागरी. पंखाच्या पोटात खाच करून नऊ ग्रॅमचा सर्व्हो, म्हणजे एलेरॉन हलवणारी छोटी मोटर, बसवायचा, एलेरॉनला छोटा हॉर्न, म्हणजे तार अडकवायचा दांडा, चिकटवायचा, दोघांना तारेनं जोडायचं. दुसऱ्या पंखालाही हेच. दोन सर्व्हो, वायरी आणि हॉर्न मिळून वजन पंचवीस-तीस ग्रॅमनं वाढतं, म्हणजे विमानाला कळतही नाही. तीन चॅनेलचा रिसीव्हर मात्र बदलावा लागतो.

हे सगळं हौशी माणूस आनंदानं करतो. माझं मन अडतं ते त्याच्या आधीच्या एका प्रश्नापाशी. एलेरॉनचं मुख्य काम पंख कलवणं आणि पुन्हा सपाट करणं. मग इतके दिवस, एलेरॉन नसताना, हे काम कोण करत होतं?

विमानाकडे समोरून पाहा. दोन्ही पंख मुळापासून टोकाकडे किंचित वर उचललेले दिसतात, उथळ इंग्रजी व्हीसारखे. वाऱ्याच्या झोतानं डावा पंख खाली गेला की विमान डावीकडे घसरू लागतं. घसरताना समोरून येणारी हवा थोडी बाजूनंही लागते, आणि पंख वर उचललेले असल्यामुळे खालच्या पंखाला ती जास्त कोनात भिडते. तिथली उचल वाढते आणि पंख आपोआप वर येतो. या विमानाचं वळणंसुद्धा त्या व्हीच्याच जिवावर असतं. रडर फक्त नाक बाजूला करतो. नाक डावीकडे गेलं की उजवा पंख हवेला जास्त कोनात सामोरा जातो, उचलला जातो, आणि विमान डावीकडे कलून वळतं. शिकणाऱ्याला वाटतं की आपण वळवलं. त्यानं नाक दाखवलं एवढंच खरं, बाकीचं पंखांच्या घडणीनं केलं.

आता अंगठ्याकडे पाहू. प्रचलित ट्रान्समीटरवर तीन चॅनेलचं विमान वळतं ते उजव्या हाताच्या स्टिकवर. शिकणाऱ्याच्या अंगठ्याला एक खात्री जडलेली असते: गडबडलास तर सोडून दे. स्टिक सोडली, ती स्प्रिंगनं मध्यावर आली, आणि पुरेशी उंची असेल तर विमान स्वतःला सावरून घेतं. नवशिक्याच्या विमानाची सगळी माया या एका गोष्टीत आहे. एलेरॉन बसवल्यावर तेच त्या उजव्या स्टिकवर येतात आणि रडर डाव्या हाताकडे जातो. अंगठा तोच, स्टिक तीच, दिशाही तीच. अर्थ मात्र पालटलेला असतो. रडरच्या स्टिकनं आपण म्हणत होतो, "इकडे वळ." एलेरॉनच्या स्टिकनं आपण म्हणतो, "इतकं कल." पंखांचा व्ही कमी केलेला असेल, तर कलल्यावर स्टिक सोडली तरी विमान कललेलंच राहतं. पंख पुन्हा सपाट करायचे असतील तर उलट्या बाजूला स्टिक ढकलून ते आपणच करायचं. सोडून देणं हा आता उपाय उरत नाही.

व्ही कमी केला नाही तर एलेरॉन आणि पंखांची घडण एकमेकांच्या विरुद्ध ओढत राहतात. तुम्ही कलवता, पंख सरळ होऊ पाहतात. म्हणून बरेचजण मधल्या जोडापाशी पंख थोडे सपाट करून घेतात. सपाट केलेला प्रत्येक अंश म्हणजे विमानानं आपल्या हाती दिलेली तितकी जबाबदारी, असं मी मानतो. बाजारातलं चार चॅनेलचं तयार विमान घेतलं तर हे कळत नाही. स्वतः पंख कापणाऱ्याला ते बोटांतून कळतं, आणि माझ्या मते या खटाटोपाची खरी कमाई तीच.

आणखी एक गोष्ट आहे. डावीकडे वळायला डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली जातो. उजव्या पंखाची उचल वाढते, पण तिच्याबरोबर हवेचा विरोधही वाढतो. तो विरोध नाकाला उजवीकडे खेचतो. कल डावीकडे आणि नाक उजवीकडे! यावर उपाय म्हणून एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जाईल असं जुळवतात. दोन सर्व्हो दोन वेगळ्या चॅनेलवर दिले तर हे ट्रान्समीटरमध्येच जमतं. उरलेली कसर डाव्या अंगठ्यानं रडर देऊन भरून काढायची. एलेरॉन आले की रडरचं काम संपलं असं वाटतं, प्रत्यक्षात रडर नीट वापरायला शिकण्याची वेळ तेव्हाच येते. राईट बंधू 1902 च्या ग्लायडरवर याच पेचात सापडले होते. ते पंख पिळून विमान कलवत. मागची उभी शेपटी आधी पक्की जोडलेली होती, ती त्यांनी हलती केली आणि पंखांच्या पिळाशी जोडून टाकली. तेव्हा कुठे वळण हाती आलं. दोघे सायकली बनवणारे. आपणहून पडू शकणारं वाहनही माणूस सावरून चालवू शकतो, हे त्यांना धंद्यातूनच ठाऊक होतं. 1903 च्या त्यांच्या विमानाचे पंख तर वर उचललेले नव्हते, टोकांकडे किंचित खाली झुकलेले होते.

युरोपात तेव्हा बहुतेकांची धाव आपणहून स्थिर राहणाऱ्या विमानाकडे होती. वैमानिक आंरी फार्मां यांनी 13 जानेवारी 1908 रोजी पॅरिसजवळ एक किलोमीटरची फेरी पुरी केली, ती व्हाझँ बंधूंनी बनवलेल्या विमानात, नुसत्या रडरवर, मोठं रुंद वळण घेत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विल्बर राईट यांनी ल मां इथे पंख कलवून आटोपशीर वळणं घेऊन दाखवली आणि फ्रेंच मंडळी थक्क झाली. शरदात फार्मां यांनी आपल्या त्याच विमानाला एलेरॉन बसवून घेतले. 30 ऑक्टोबरला ते मैदान सोडून बुईहून रँसपर्यंत, सुमारे 27 किलोमीटर, गावांवरून उडत गेले. रडरवर वळणाऱ्या विमानाला एलेरॉन बसवायचं तेच काम फोमच्या पंखावर पेन्सिलीनं रेघ आखणारा पोरगा करत असतो, आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

त्याला माझं सांगणं एवढंच की व्ही सगळा काढू नकोस, निम्मा तरी राहू दे. उलटं उडताना तो आड येतो खरा, पण उलटं उडणं पुढे केव्हाही शिकता येईल. उड्डाणाआधी विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे कर. उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. उलट झालं तर विमान हातातून सुटताच भलतीकडे कलेल आणि विचार करायला वेळ मिळणार नाही. विमान तुझ्याकडे तोंड करून येत असेल तेव्हा डावं-उजवं आठवत बसू नकोस, जो पंख खाली दिसेल त्याच बाजूला स्टिक ने. सुरुवातीला एलेरॉनची हालचाल कमीच ठेव. भरपूर उंची घे, थोडं डावीकडे कलव आणि स्टिक सोडून बघ विमान काय करतं ते. मग उजवीकडे ढकलून पंख सपाट कर. तेच दुसऱ्या बाजूनं कर. हे अंगठ्यात मुरेपर्यंत लूप नको, रोल नको.