गोडी लावणें म्हणजे फसविणें काय ?

लहान मुलांस संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकविणारीं पुस्तकें चाळतांना आमच्या मनांत एक जुनाच प्रश्न पुन्हां उभा राहतो : कठीण विद्येला चित्रांचा व विनोदाचा वर्ख लावून ती मुलाच्या गळीं उतरविणें हें प्रामाणिकपणाचें आहे काय ? विष्णुशर्म्यानें तरी दुसरें काय केलें, असें कोणी विचारील. परंतु त्याच्या सिंह-सशाच्या गोष्टींत नीति गोष्टीबाहेर नसते. ससा वांचतो तो बुद्धीनेंच. उलट आमच्या मेजावरील एका पुस्तकांत पानोपानीं माकड नाचतें आणि खालचा धडा मात्र कोरडाच राहतो. माकड पुसून टाकलें तरी धड्याचें कांहीं बिघडत नाहीं. असल्या गोडीस आम्ही लबाडी म्हणतों.

सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन प्रभृति मंडळींनीं १९६७ सालीं अमेरिकेंत 'लोगो' नांवाची भाषा निर्माण केली. तींत पुढें आलेलें कासव ह्या जातीचें नव्हे. 'पुढें १००, उजवीकडे ९०' असें चार वेळां सांगितलें कीं चौकोन उमटतो. आजच्या 'पायथन' भाषेंतहि हें कासव आहे, आणि आमची दहा वर्षांची पुतणी गेल्या सुट्टींत त्याच्याकडून त्रिकोण काढून घेत होती. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून तिनें ६० लिहिले. कासव भलतीकडेच गेलें. पुस्तकांत वर छापलें होतें, 'हें अगदीं सोपें आहे !' पोरीचे डोळे भरून आले. सोपें असून जमत नाहीं, तेव्हां मीच मंद, हा तिचा तर्क बिनतोड होता. खोटें होतें तें पुस्तकाचें वाक्य. आणि आम्ही तरी काय ! 'हें तर उघडच आहे' असें आम्हीं वर्गांत किती वर्षें म्हणत आलों, आणि मागल्या बांकांवरील किती मुलें त्या एका वाक्यानें गप्प झालीं, ह्याचा हिशेब कोण देणार ?

आम्हीं तिला अंगणांत नेऊन खडूच्या त्रिकोणावरून चालावयास लावलें. दुसऱ्या कोपऱ्यावर ती थबकली. आंतला कोन ६० चा खरा, पण अंग वळवावें लागतें तें १२० अंश ! येथें कासव पुसलें तर धडाच पुसला जाईल.

"काका, तुम्हांला पहिल्यांदाच जमलें होतें ?" तिनें विचारलें. आम्हींहि प्रथम ६० च लिहिले होते, असें खरें तें सांगितलें. ती हंसली आणि पुन्हां मेजाकडे धांवली.