सांडलेला पाक

शास्त्रपाठ : योहान 21:1-17



डिसेंबर महिना लागला म्हणजे आमच्या राजुरा भागातील मंडळ्यांत एक निराळीच लगबग सुरू होते. दिवसभर कापसाची वेचणी करून थकलेल्या भगिनी संध्याकाळी घरी परततात, भाकरी टाकतात, आणि मुले निजावयाच्या वेळेस नाताळाच्या फराळाला बसतात. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. आणि मजुरी थोडी आली असेल तर निदान मुरमुऱ्याचे लाडू तरी. हा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि 1959 साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. त्यामुळे आमच्या आळीत तेलुगू घरांतून संक्रांतीस अरिसेलु व सकिनालु येतात, आमच्या घरांतून नाताळात लाडू जातात, आणि चैत्रात मोहफुले घातलेले काही ना काही गोड कोठून तरी येतेच. खाऊच्या बाबतीत आमच्या लोकांनी भाषेची शीव कधी मानली नाही.

परंतु आज आम्ही लिहावयास बसलो आहो ते खाऊच्या स्तुतीकरिता नव्हे. आमच्याच घरी घडलेली एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती सांगताना आम्हांस लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आधल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाने लाडवांकरिता गुळाचा पाक चुलीवर ठेविला होता. लाडवांस पाक गोळीबंद लागतो. त्याचा थेंब थंड पाण्यात सोडला असता बोटांत धरून गोळी वळता आली पाहिजे. ही परीक्षा मुलांस फार आवडते, कारण परीक्षेची गोळी त्यांच्या तोंडात पडते. इतक्यात दारात कोणी बाई आली म्हणून आईने पातेले खाली उतरविले व ती बाहेर गेली. धाकटी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आईचे काम आपणच करून ठेवावे असे तिच्या मनात आले. तिने पळी घातली, पातेले कलंडले, आणि पाक शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरला.

आम्ही पलीकडच्या खोलीत रविवारचे प्रवचन लिहीत होतो. विषय होता, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे. आवाज ऐकून आम्ही धावलो, आणि आमच्या मुखातून पहिला शब्द निघाला तो असा : “अर्धी भेली वाया घालविली! कोणी केले हे?” मुलगी दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती. म्हणाली, “मांजराने.” मांजर त्या वेळी अंगणात उन्हाला निजलेले आम्हांस खिडकीतून दिसत होते. खोटे बोलली म्हणून आम्ही तिला कठोर शब्द बोललो, आणि यंदा तुला लाडू मिळणार नाही असे सांगून पुन्हा प्रवचनास बसलो.

रात्री आईने झगा बदलण्याकरिता तिचा हात धरिला तेव्हा ती किंचाळली. मनगटापासून अंगठ्यापर्यंत फोड उठला होता. पाच तास त्या लेकराने तो हात लपविला होता. आमचे कुटुंब आम्हांस एवढेच म्हणाले, “अहो, तुम्ही गूळ पाहिला. हात पाहिला नाही.”

बंधूंनो, दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातील परिचारिकेने आम्हांस जे सांगितले ते येथे लिहितो, कारण ते प्रत्येक घरी ठाऊक असावे. पाणी 100 अंशांवर उकळते. गोळीबंद पाक 115 अंशांच्याही पुढे गेलेला असतो, आणि तो कातडीस चिकटून राहतो, म्हणून त्याचे भाजणे पाण्यापेक्षा वाईट. भाजताक्षणी तो भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. नळ नसेल तर तांब्याने ओतीत राहावे. बर्फ नको. हळद, तूप, शाई, दंतमंजन यांपैकी काही लावू नये. सूज येण्याआधी बांगडी, कडे, काळा दोरा काढून घ्यावा. फोड फोडू नये. स्वच्छ फडके सैल झाकावे. तोंड, हात, सांधा भाजला असेल किंवा भाजलेली जागा लेकराच्या तळहाताहून मोठी असेल तर रुग्णालय गाठावे; 108 क्रमांकावर गाडी मिळते. हे सर्व सोपे आहे. परंतु यातील सर्वांत मोलाची अशी जी पहिली वीस मिनिटे, ती आमच्या मुलीने आमच्या भीतीने गमाविली.

आता शास्त्रपाठाकडे वळू. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोन ठिकाणी आला आहे. पहिला प्रमुख याजकाच्या वाड्यात, अठराव्या अध्यायात. थंडी पडली होती, पेत्र शेकत उभा होता, आणि त्या रात्री तो तीनदा खोटे बोलला. तो स्वभावाने लबाड होता काय? नव्हता. तो भ्याला होता. भ्यालेला मनुष्य जे हाताला सापडेल ते पुढे करितो. आमच्या मुलीला मांजर सापडले.

दुसरा विस्तव तिबिर्याच्या समुद्राकाठी, पहाटेस. तो प्रभूने स्वतः पेटविला होता. त्यावर मासळी होती आणि भाकर होती. येथे प्रभूचा क्रम नीट पाहा. पेत्र ओल्या वस्त्रांनी काठावर आला तेव्हा त्यास पहिला प्रश्न त्या रात्रीविषयी केला गेला नाही. प्रभूने त्यास जेवावयास बोलाविले. सर्वांचे जेवण झाल्यावर मग विचारले, आणि एकदा नव्हे, तीनदा विचारले. अर्थात पेत्राचा अपराध झाकून टाकिला गेला, असे कोणी समजू नये. जितक्यांदा तो चुकला तितक्यांदा त्यास उत्तर द्यावे लागले. परंतु भुकेल्या, भिजलेल्या मनुष्यास आधी ऊब व घास मिळाला. आम्ही आमच्या स्वयंपाकघरात नेमके उलट केले : चौकशी आधी, शिक्षा लगेच, आणि घास बंद.

त्या पाठात आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती आम्ही पुष्कळ वर्षे वाचूनही पाहिली नव्हती. विस्तवावर मासळी अगोदरच ठेवलेली असता प्रभूने शिष्यांस त्यांनी धरलेल्यांपैकीही काही आणावयास सांगितले. त्यास कमतरता नव्हती. तथापि त्यांचा हात त्या जेवणास लागावा असे त्यास वाटले. घरातील लेकरू पळी मागते तेव्हा तेही हेच मागत असते. विस्तवाजवळ त्याला येऊ देऊ नका, हे खरेच. पण मुरमुरे निवडणे, तीळ पाखडणे, वळलेले लाडू ताटात मांडणे यांत कोणता धोका आहे? फार तर मुरमुरे सांडतील.

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी असेल. ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले व 1935 साली छापले गेले. त्यात अळणी भाजीची गोष्ट आहे. आई मीठ घालावयास विसरते, वडील काही न बोलता जेवतात, आणि त्यांच्याकडे पाहून मुलेही. त्या घरात चूक आईची होती आणि तिचे मन राखणारे वडील होते. पाच वर्षांच्या लेकराचे मन राखणे आम्हां बापांस अधिक जड का जाते, याचा आम्ही विचार केला. उत्तर मानास शोभणारे नाही.

उपदेशक बंधूंस वेगळे सांगावयाचे आहे. आमच्या रानात चैत्र-वैशाखात मुले दिवसभर मोहाखाली, टेंभुर्णीखाली, चारोळीच्या झाडांखाली असतात. कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून ती खातात, आणि मग उलट्या व जुलाब सुरू होतात. अलीशाच्या काळी गिलगालात, दुष्काळाच्या दिवसांत, असेच एकाने न ओळखता रानफळे आणून हंडीत चिरली होती (2 राजे 4). लोक ओरडले. ही कोणी आणली असे अलीशाने विचारल्याचे तेथे लिहिलेले नाही. त्याने पीठ मागविले. आम्हांस मात्र वैद्यास सांगण्याकरिता विचारावेच लागते की, बाळ, तू काय खाल्लेस? ज्या मुलाने आजवर प्रत्येक खऱ्या उत्तराबद्दल मार खाल्ला आहे ते त्या घटकेस काय सांगेल? घरभेटीस जाल तेव्हा प्रार्थनेपूर्वी आईबापांशी हे बोला.

आमची मुलगी बरी झाली. मनगटावर लहानसा पांढरा डाग राहिला आहे. तो रविवार आला तेव्हा आम्ही लिहून ठेवलेले प्रवचन वाचले नाही. मंडळीस ही हकीकत सांगितली, आणि त्याआधी शनिवारी रात्री मुलीजवळ बसून तिची क्षमा मागितली. तिला ते फारसे समजले नाही. तिने विचारले, “मग लाडू?” आईने डब्यातून दोन काढून दिले. गेल्या नाताळात तिच्या हातून तेलाची किटली लवंडली. आम्ही लिहीत होतो. ती दारात येऊन म्हणाली, “बाबा, तेल सांडले, मी सांडले, या लवकर.” आम्ही उठलो आणि आधी तिचे हात पाहिले.