विस्मृताशी सत्य बोलावे काय?

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेची शुश्रूषा करणाऱ्यापुढे एक प्रश्न दिवसातून अनेक वेळा उभा राहतो. वृद्धा विचारते, "हे अजून कसे आले नाहीत?" आणि 'हे' तर वीस वर्षांपूर्वीच निवर्तलेले असतात. खरे सांगावे तर त्या बिचारीस वैधव्य नव्याने प्राप्त होते. खोटे सांगावे तर जिला खऱ्याखोट्याची पारख उरली नाही तिला फसविल्याचा दोष पदरी येतो. मग धर्म कोणता?

कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ सालच्या एका निबंधात, मित्राचे प्राण वाचविण्यासाठीही असत्य बोलू नये, असे प्रतिपादन केले. उलटपक्षी महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाला, लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगितल्याबद्दल नरकवास भोगावा लागला. परंतु हे दोन्ही दृष्टान्त येथे अपुरे पडतात. तेथे असत्य बोलावयाचे ते घातक्याशी. येथे जिच्याशी बोलावयाचे ती सर्वस्वी आपल्या हवाली झालेली आहे.

"सांगितलेले ती विसरणारच; मग सत्य काय नि असत्य काय!" असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. आल्झायमरच्या रुग्णांना दुःखद चित्रपट दाखविल्यावर चित्रपट विसरला तरी खिन्नता मागे राहिली, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. म्हणजे कठोर सत्य ऐकविणारा तिला कारण हरवलेला शोक तेवढा देतो.

तथापि, एवढ्यावरून असत्यास मोकळे रान मिळत नाही. टॉम किटवुड ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९९७ सालच्या ग्रंथात, रुग्णाचे माणूसपण खच्ची करणाऱ्या वर्तनांत फसवणुकीचा समावेश केला. आणि हे करणारे बहुधा दुष्ट नसतात, हेही सांगितले. 'उद्या येतील' हे प्रथम तिच्या समाधानासाठी असते. पुढे 'जेवलीस तर येतील' होते; मग वरणभातात नकळत औषध कालविले जाते. पहिले तिच्या सुखासाठी, शेवटचे आपल्या सोयीसाठी. आणि मधली सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी जखडलेले मनोरुग्ण होरपळून मेले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्याची मनाई केली. लोखंडाची साखळी निदान दिसते तरी; सोयीच्या असत्याची दिसत नाही.

मग तिसरा मार्ग आहे काय? नाओमी फाइल ह्या अमेरिकन विदुषीने वृद्धांच्या सहवासात तो शोधला. प्रश्नातील माहितीस उत्तर न देता त्यामागील भावनेस द्यावे. "आजी, त्यांची फार आठवण येते का? त्यांना कोणती भाजी आवडायची?" ह्यात असत्याचा लवलेश नाही आणि आघातही नाही. वृद्धेला बातमी नको असते. आपल्या व्याकुळतेत सोबत हवी असते.

अर्थात ह्याला वेळ लागतो. रात्रभर जागलेली एकटी सून "येतील हो" म्हणून गेली, तर तिला दोष देण्याचा अधिकार शांत झोप घेतलेल्या नीतिपंडितास नाही. परंतु क्षम्य ते सर्वच कर्तव्य ठरत नाही. तिची रात्र वाटून घेणारे घरात दुसरे कोणी असते, तर त्या असत्याची गरज पडली नसती. म्हणून सत्यासत्याच्या ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सुनेकडे नव्हे, तर घरातल्या इतरांकडे मागितले पाहिजे.